नीलिमाचा कौल

आमच्या आईला कादंबरीत माणसं मेलेली चालायची, पण कालवणाला फोडणी द्यायच्या आधी मेलेली चालायची नाहीत. "वाच, पण जेवणाच्या आदी कोणाक मारू नको," असं ती मला पुस्तक उघडण्यापूर्वीच बजावायची. त्यामागे अनुभव होता. एकदा मी एका नायकाला ऐन अडीच वाजता विषमज्वराने गेलेला वाचला. आई आणि शेजारची चंद्राकाकी अशा काही रडल्या की आमटीत मीठ दोनदा पडलं. साडेतीनचा भोंगा झाल्यावर पहिल्या पाळीची अठरा माणसं जेवायला आली, तेव्हा त्यांतल्या एकाने पहिल्या घासालाच विचारलं, "वहिनी, आज दर्याचं पाणी घातलंत काय?" आईने त्याला ताक वाढलं आणि माझ्याकडे असं पाहिलं, जणू तो विषमज्वर मीच पसरवला असावा.

काळाचौकीच्या आमच्या चाळीत दुसऱ्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या होत्या. एका खोलीत आम्ही राहायचो आणि दुसरीत आईची खाणावळ चालायची. जेवायला येणारे सगळे कोकणातले, बायकामुलं गावी ठेवून गिरणीत लागलेले. माझे वडील, अप्पा, हेही गिरणीतच. सकाळची शाळा करून मी साडेबाराला घरी यायचे, जेवायचे, आणि एक वाजला की खाणावळीच्या खोलीत आमचं वाचन सुरू व्हायचं. आई सूप घेऊन दाराशी बसायची, उद्याचे तांदूळ निवडत. तिच्या शेजारी चंद्राकाकी, तिला ऐकायचंही असायचं आणि रडायचंही. समोरच्या खोलीतल्या मोरेवहिनी भिंतीला टेकून लसूण सोलायच्या. त्या साताऱ्याकडच्या. कादंबरीतल्या प्रत्येक माणसावर त्यांचा पहिल्यापासून संशय असायचा. आणि कोपऱ्यात खोवणीवर नारळ खोवत बसलेली कुंदामावशी, माझ्या आईची धाकटी बहीण.

या तिघीचौघींपैकी वाचता येणारी कुंदामावशी एकटी. ती मॅट्रिक झालेली होती. पण वाचायचं काम माझ्याकडे आलं, कारण माझा आवाज गॅलरीच्या टोकापर्यंत जायचा आणि मला नारळ खोवता येत नसे. नियम एकच होता: कुणी पुढचं वाचायचं नाही. जे व्हायचं ते सगळ्यांच्या देखत व्हायला हवं. हा नियम मी रोज मोडायचे, पण ते कुणाला माहीत नव्हतं.

माझी नात हल्ली मोबाइलवर कादंबऱ्या वाचते. पंधरा वर्षांची आहे. परवा बघते तर उशीत तोंड खुपसून हुंदके. मला वाटलं, शाळेत काही झालं. म्हणाली, "काही नाही गं आजी, तो तिला सोडून गेला." कोण तो, विचारलं, तर म्हणे पुस्तकातला. असल्या पुस्तकांचा आता वेगळा प्रकार आहे, तरुण मुलामुलींसाठी, प्रेम, हालअपेष्टा आणि शेवटी थोडी आशा. "तुला नाही कळणार," असंही ती म्हणाली. प्रेम, हालअपेष्टा आणि आशा यांवर आमची अख्खी खाणावळ चालायची, हे तिला कुठून सांगणार?

पुस्तकं यायची ती लालबागच्या एका वाचनालयातून. वाचनालय म्हणजे जिन्याखालचं एक चिंचोळं दुकान. सगळ्या पुस्तकांना एकसारखी तपकिरी बांधणी केलेली, त्यामुळे बाहेरून काही कळायचं नाही. उघडावं तेव्हा आत कोण रडतंय ते समजायचं. मालक म्हातारे होते, ते सकाळी बसत. संध्याकाळी भास्कर बसायचा. तो दिवसा परळच्या एका हॉस्पिटलात रक्त तपासायच्या खोलीत काम करी आणि तिथून सरळ वाचनालयात येई. उंच, हडकुळा, शर्टाच्या बाह्या कायम कोपरापर्यंत दुमडलेल्या. दुकानातलं प्रत्येक पुस्तक त्याने वाचलेलं असायचं, पण कुणी शेवट विचारला तर सांगायचा नाही. "वाचा की," एवढंच म्हणायचा.

पुस्तक बदलायला मी जायचे आणि सोबतीला कुंदामावशी यायची. आधी ती आठवड्यातून एकदा यायची. मग दोनदा येऊ लागली. मग आईच म्हणाली, "आता मोठमोठी पुस्तकां दोन दिवसांत संपतत, ह्या काय गो?" त्या दोघांचं बोलणं काही फार नसायचं. ती विचारायची, "हे बरं आहे का?" तो म्हणायचा, "रडायला येईल." ती म्हणायची, "मग द्या." मी तेरा वर्षांची होते, पण इतक्या कादंबऱ्या वाचल्यावर एवढं न कळायला मी काही दगड नव्हते. एकदा पुस्तकाची पानं चाळताना मला आत बकुळीची फुलं सापडली. मी ती मावशीच्या हातात दिली आणि म्हटलं, "वाचनालयवाले खूणही देतात वाटतं आता." तिने माझ्या पाठीत धपाटा घातला, पण फुलं टाकली नाहीत.

भास्कर आमच्या मागच्याच चाळीत राहायचा. ती चाळ बौद्धांची. आमच्या आणि त्यांच्या चाळीमध्ये एक नळ, एक पिंपळ आणि एक भिंत होती. आमच्या खाणावळीत चारपाच गिरण्यांची माणसं जेवत, पण त्या चाळीतलं कुणी जेवत नसे. तसं कुठे लिहिलेलं नव्हतं. आईने कुणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नाही, आणि कुणी विचारायला आलेलंही पाहिलं नाही. त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही, हे आज लिहिताना लाज वाटते. पण वाटलं नव्हतं ते नव्हतं.

तर अशात गावाहून थोरल्या मामाचं पत्र आलं. कुंदामावशीसाठी स्थळ आहे, मुलगा मुंबईतच, सरकारी छापखान्यात, आपल्याच गावच्या पंचक्रोशीतला. ते लोक येत्या रविवारी बघायला येतील, मुलगी त्यांनी गावी एका लग्नात पाहिलेली आहे, तेव्हा सुपारी फोडूनच घ्या. अप्पांनी पत्र मोठ्याने वाचलं. आईने हात जोडून देव्हाऱ्याकडे पाहिलं. आजी गेली तेव्हा कुंदामावशी सात वर्षांची होती. आईने तिला मुंबईला आणली आणि माझ्या आधीपासून वाढवली. तिचं लग्न म्हणजे आईच्या डोक्यावरचं मोठं ओझं होतं, आणि ते आता उतरणार होतं. मावशी खोवणीवर बसली आणि तिने लागत नसताना दोन नारळ खोवले.

त्याच आठवड्यात आमची कादंबरी चालू होती नीलिमाची. पुस्तकाचं नाव मला आता आठवत नाही. ही नीलिमा एकोणीस वर्षांची, वडील अंथरुणाला खिळलेले, घरात शिवणकाम करून चार तोंडं भरणारी. तिचं प्रेम शेखर नावाच्या एका गरीब मास्तरावर. आणि एक श्रीमंत डॉक्टर तिच्या वडिलांना फुकट औषध देतो आणि तिला मागणी घालतो. वडिलांनी डॉक्टरला शब्द दिलाय. आता नीलिमा काय करणार, यावर आमच्या गॅलरीत पाण्याच्या रांगेतसुद्धा चर्चा चालायची. चंद्राकाकी शेखरच्या बाजूने होती. मोरेवहिनी म्हणायच्या, "फुकाट औषध देणाऱ्याच्या मनात कायतरी असतंयच." आई तांदूळ निवडायची आणि कुणाच्याच बाजूने बोलायची नाही.

गुरुवारी संध्याकाळी पुस्तकाची मुदत वाढवून वाचनालयातून परत येताना कुंदामावशी कोपऱ्यावरच्या चणेवाल्याजवळ थांबली. चणे घेतले, पण खाल्ले नाहीत.

"बेबी," ती म्हणाली, "माझं ठरलंय. नीलिमा घरच्यांसमोर बोलली, तर रविवारी मीपण बोलणार. ती गप्प बसली, तर मीपण गप्प बसेन आणि त्या छापखानावाल्याशी लग्न करेन."

"हे काय गं मावशी? पुस्तकावरून?"

"मला नाही ठरवता येत. ताईने मला वाढवलं. तिचं तोंड बघितलं की वाटतं गप्प बसावं. भास्करचं बघितलं की वाटतं बोलावं." मग म्हणाली, "कौल समज."

कौल म्हणजे काय, ते सांगायला हवं. आमच्या गावच्या देवळात काही अडलं, की माणसं देवाला कौल लावतात. गुरव भिजवलेले तांदळाचे दाणे देवाच्या पाषाणाला उजवीकडे आणि डावीकडे चिकटवतो आणि गाऱ्हाणं घालतो. उजवा दाणा आधी पडला तर होकार, डावा पडला तर नकार. मग त्यावर वाद नाही. मुंबईत ना तो पाषाण ना तो गुरव, म्हणून मावशीने कौल लावला तो तपकिरी बांधणीच्या पुस्तकाला. आणि कौलात डोकावायचं नसतं, म्हणून रोज उशाशी असलेल्या त्या पुस्तकाला तिने बोटसुद्धा लावलं नाही.

मी मात्र त्याच संध्याकाळी, गॅलरीच्या टोकाला कपड्यांच्या वळणीमागे बसून, शेवट वाचला. नीलिमा बोलत नाही. डॉक्टरची माणसं बघायला येतात, नीलिमा मान खाली घालते, शेखरची पत्रं चुलीत टाकते आणि डॉक्टरच्या घरी जाते. शेखर दूर कुठेतरी निघून जातो. शेवटी दीड पान त्यागाचं महत्त्व. मी पुस्तक मिटलं. मला कुंदामावशी सगळ्यांत आवडायची. आईपेक्षाही, आता सांगायला हरकत नाही. ती माझ्या वेण्या घालायची, माझी भूमितीची आकृती काढून द्यायची, आणि मी खोटं बोलले की ओळखायची पण सांगायची नाही. ती मान खाली घालून कुणाच्या घरी जाईल आणि त्याला माझा आवाज कारणीभूत असेल, हे मला सहन होईना. दुसरीकडे कौल खोटा करायचा म्हणजे गावचा देव काय करील, याची भीती. शुक्रवारी शाळेत मला गणिताच्या बाईंनी दोनदा उभं केलं.

शनिवारी दुपारी शेवटचं प्रकरण. एक वाजता सगळ्या हजर. चंद्राकाकीने आज पदराऐवजी पंचाच आणला होता. मी वाचायला लागले. डॉक्टरची माणसं आली, बसली, वडिलांनी अंथरुणातूनच हात जोडले, इथपर्यंत सगळं पुस्तकातलं होतं. खोवणीचा आवाज थांबला होता. मावशी माझ्याकडे पाहतही नव्हती, नारळाच्या वाटीत पाहत होती. पुढच्या ओळीत छापलं होतं, "नीलिमाने मान खाली घातली."

मी वाचलं, "नीलिमाने मान वर केली."

एकदा वर केलेली मान खाली घालता येईना. पुढे सगळं माझं मलाच बोलावं लागलं. डोळे पुस्तकावर ठेवून मी नीलिमाला बोलायला लावलं, "माझ्या वाटणीचं मी बोलते. या माणसात काही खोट नाही. पण माझं मन दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि मनात एक ठेवून दुसऱ्याच्या घरात मी नांदणार नाही. राग धरू नका." इथे मला काही सुचेना. धास्तीने जेवण अर्धवट झालेलं, आणि आईने उद्यासाठी निवडून ठेवलेले पोहे समोर दिसत होते. मी वाचलं, "पोहे गरम आहेत, खाऊन जा."

"डॉक्टरला पोहं?" मोरेवहिनी म्हणाल्या. "अगं, मागल्या प्रकरणात तर बासुंदी केली हुती की."

"संपली," मी म्हटलं आणि घाईघाईने पुढे गेले. वडिलांना मी रडवलं, डॉक्टरला समजूतदार केलं, शेखरला बोलावून आणलं आणि दोघांचं लग्न लावून दिलं. चंद्राकाकी आनंदाने रडली, म्हणजे पंचा वाया गेला नाही. मोरेवहिनींना बाप एवढ्या लवकर विरघळला हे पटलं नाही. आई तेवढं सूप पाखडून उठली आणि स्टोव्ह पेटवायला गेली. कुंदामावशीने उरलेली अर्धी वाटी खोवायला घेतली.

संध्याकाळी पुस्तक परत करायला आम्ही दोघी गेलो. भास्करने पुस्तक घेतलं आणि नेहमीसारखं विचारलं, "शेवट कसा वाटला?" मला तिथेच जमिनीत जावंसं वाटलं. मावशी म्हणाली, "छान. शेवटी बोलली ती."

भास्करने हे पुस्तक वाचलेलं होतं. त्याने मावशीकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहायला लागले. मग तो म्हणाला, "हो. बोलली खरी." पुस्तक त्याने फळीवर ठेवलं नाही. एक चिठ्ठी घेतली, तिच्यावर 'बांधणीला' असं लिहिलं, पुस्तकात खोचली आणि पुस्तक खणात टाकून खण लावून घेतला. बांधणी तर ठणठणीत होती.

रविवारी सकाळपासून खाणावळीची खोली धुवून काढली. मुलगा, त्याची आई आणि त्याचे काका अशी तीन माणसं आली. मुलगा चांगला होता. त्याला नावं ठेवता आली असती तर हे प्रकरण लिहायला सोपं गेलं असतं. नीटनेटका, हळू बोलणारा, नखांत छापखान्याची शाई. मावशी आईची जांभळी साडी नेसून पोह्यांच्या बशा घेऊन आली. मुलाच्या आईने विचारलं, "स्वयंपाक येतो ना?" काका हसले, "खाणावळीत वाढलेली मुलगी, तिला काय विचारतेस?" सगळे हसले. अप्पांनी सुपारीचं तबक पुढे ओढलं.

आणि कुंदामावशीने मान वर केली. "माझ्या वाटणीचं मी बोलते," ती म्हणाली. "या माणसात काही खोट नाही. पण माझं मन दुसऱ्या ठिकाणी आहे, आणि मनात एक ठेवून दुसऱ्याच्या घरात मी नांदणार नाही. राग धरू नका." आता ती थांबेल असं मला वाटलं. ती थांबली नाही. "पोहे गरम आहेत, खाऊन जा."

माझ्या हातात पाण्याचे पेले होते, ते वाजायला लागले. आईने वळून माझ्याकडे पाहिलं. एकदाच, पण चांगलं निरखून पाहिलं.

काकांनी विचारलं, "कोण आहे तो?" मावशीने नाव सांगितलं, चाळही सांगितली. खाली कुणाचा तरी रेडिओ चालू होता तो ऐकू यायला लागला. मुलाची आई उठून उभी राहिली. मुलगा मात्र बशी हातात घेऊन बसून राहिला. "आई, खोटं बोलून आपल्या घरी आली असती तर बरं झालं असतं का?" असं म्हणून त्याने सगळे पोहे खाल्ले, पाणी प्यायला, अप्पांना नमस्कार केला आणि मगच उठला. त्याचं पुढे फार चांगलं झालं असावं अशी माझी इच्छा आहे.

पुढचे चार दिवस आमच्याकडे पुस्तक उघडलं गेलं नाही. अप्पा एवढंच म्हणाले, "थोरल्याला मी काय तोंड दाखवू?" चाळभर बातमी पसरली होती. चंद्राकाकी, जी शेखरसाठी पंचा भिजवून बसायची, तिनेच आईला सल्ला दिला, "हिला गावी धाड, सहा महिन्यांत विसरेल." पुस्तकातला गरीब मास्तर तिला चालायचा, पण मागच्या चाळीतला मुलगा चालत नव्हता. आई तांदूळ निवडत राहिली. कुंदामावशी नारळ खोवायची आणि डोळे पुसायची. आणि मी रोज सकाळी देवाला सांगायचे, की जे काय करायचं ते मला कर, तिला नको.

पाचव्या दिवशी मी शाळेतून आले तर आई म्हणाली, "त्या झिलाक सांगान ये, आज हय जेवूक ये म्हणान. आनी बांगडो खाता काय, तां इचार."

झील म्हणजे मुलगा, आणि कुठला ते विचारायची गरज नव्हती. मी परळपर्यंत जवळजवळ पळतच गेले. रक्त तपासायच्या खोलीच्या दाराशी उभं राहून मी विचारलं, "तुम्ही बांगडा खाता का?" भास्कर हातात काचेची नळी धरून माझ्याकडे बघत राहिला.

तो पावणेचारला आला, शर्टाच्या बाह्या त्या दिवशी पहिल्यांदाच खाली सोडलेल्या. आईने त्याला पहिल्या पंक्तीत, मधोमध बसवलं. तात्या म्हणून एकजण आमच्याकडे अकरा वर्षं जेवत होते. त्यांनी भास्करला पाहिलं, आपलं ताट उचललं आणि ते गॅलरीत जायला निघाले. आई कालवणाची वाटी भरत होती, तिने वर बघितलंही नाही. "तात्यानू, ताट हयच ठेवा," ती म्हणाली, "आनी उद्यापासून दुसरी खाणावळ बघा." तात्या गेले. त्यांच्यामागून आणखी तिघे गेले. त्यांतले दोघे आठ दिवसांनी परत आले, दुसरीकडची सोलकढी पाणचट होती म्हणून. तात्या आले नाहीत.

बाकीचे खाली माना घालून जेवत राहिले. भास्कर भात हळूहळू खात होता. आईने पुन्हा वाढायला घेतलं तेव्हा तो म्हणाला, "बस, ताई. पोट भरलं." आई म्हणाली, "माझ्या भैणीक करतलस ना? मग जेवूक लाजतस कित्याक?" आणि डाव उपडा केला. दाराआड उभी असलेली कुंदामावशी त्या दिवशी जशी रडली तशी ती कुठल्याच कादंबरीला रडली नव्हती.

लग्नाला अजून वर्ष लागलं. अप्पांना वेळ लागला, थोरला मामा तर आलाच नाही, आणि भास्करच्या आईलाही शंका होती की ही मुलगी आमच्यात रमेल का. त्याही बरोबरच होत्या. पण लग्न झालं, त्यांच्या चाळीतल्या विहारात, पांढऱ्या साडीत, आणि अप्पा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. दोघं माहीमला राहायला गेली. वाचनालय बंद झालं तेव्हा भास्करकाकांनी ते 'बांधणीला' पुस्तक घरी नेलं. ते अजून मावशीच्या कपाटात आहे. काका जाऊन तीन वर्षं झाली. मागच्या महिन्यात गेले होते तेव्हा मी धीर करून विचारलं, "मावशी, ते वाचलंस का गं कधी?" ती चहा गाळत होती. "कशाला?" ती म्हणाली, "शेवट मला माहीत आहे."

पण मी सांगत होते ती बांगड्याच्या दिवसाची गोष्ट. सगळे जेवून गेले होते. मोरीत मी आणि आई भांडी घासत बसलो होतो. आई एकदम म्हणाली, "त्या दिवशी तू पान परतलंच नाय."

मला कळून न कळल्यासारखं झालं. "कुठलं पान?"

"दोन सुपां तांदूळ निवडून झाले, आनी पान थंयच. माका वाचूक येना नाय गो, पण पान परतल्याचो आवाज येता."

माझ्या हातातली परात तशीच राहिली. "म्हणजे तुला शनिवारीच कळलं होतं? मग तू बोलली का नाहीस? रविवारचं थांबवता आलं असतं तुला."

आई ताट घासत राहिली. घासून झालेलं तेच ताट तिने पुन्हा घासलं. "माझ्या लग्नाच्या वेळाक माका कोणी इचारूक नव्हता," ती म्हणाली. अप्पांबद्दल तिची तक्रार नव्हती, आधीही नव्हती आणि पुढेही कधी ऐकली नाही. पण विचारलं नव्हतं ते नव्हतं.

तेव्हा मला रडू फुटलं, आणि मी सगळं सांगून टाकलं. मावशीने पुस्तकाला कौल लावला होता, आणि मी देवाचा कौल खोटा पाडला, आणि आता काय होणार. आई हसायला लागली. राखेच्या हाताने तिने माझी हनुवटी वर केली.

"कौल देव देता गो," ती म्हणाली. "पण तांदूळ चिकटवणारो माणूसच आसता. आनी खंयचो घट्ट चिकटवचो, तां त्येका ठावक आसता."

मग तिने परात माझ्या हातातून घेतली, पाण्याखाली धरली आणि म्हणाली, "उद्या नवीन पुस्तक हाड. कोण मेला तर मरूंदे, जेवणाच्या आदी मेला तरी चलात. पण पान तेवढा परतीत जा."